आजीला घेऊन नागेश्वर (चोरवणे मार्गे): न्यावं की न न्यावं?

खाडीपट्टा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं गाव खेड तालुक्यात खाडीपट्ट्याला, पोटापाण्यासाठी मुक्काम डोंबिवलीत. येत्या महाशिवरात्रीला सगळ्या घराने नागेश्वराला जायचं घाटतंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वासोटा किल्ल्याच्या धारेवरच डोंगरात खोल एक गुहा आहे, आत पिंडी, पिंडीवर बारमाही पाणी ठिबकतं. कोकणातनं जायचं तर पायथ्याचं गाव चोरवणे.

आजोबा दरसाल जायचे. नंतर काका जायला लागले. बाबांच्या मोठ्या आजारपणात काकांनी नागेश्वराला नवस बोलला होता, "याला उभा कर, सगळं घर घेऊन येईन." बाबा उभे राहिले, नवस तसाच आहे.

माणसं अशी: आजी ७८, सडसडीत, साखर नाही, बीपीची एक गोळी. आई-बाबा. बाबांचं वजन जरा पुढे गेलंय, एरवी ठीक. काका-काकू, मी, बायको, बहीण आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा.

घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात सगळं घर म्हणजे आजीपण. बाबा म्हणतात तिला खेडला आत्याकडे ठेवू, पायथ्यावरून हात जोडले तरी देवाला पोचतात. वाट कितपत अवघड आहे? पाणी मिळतं का? डोलीची सोय होते का? साताऱ्याकडून बामणोलीहून बोटीने गेलं तर सोपं पडेल का? अनुभवी लोकांनी लिहा.

---

रानवाट

बामणोलीचा विचार आधी डोक्यातून काढा. बोटीत बसून शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) ओलांडायला बरं वाटतं, पण बोट तुम्हाला जंगलाच्या दारात सोडते, देवाच्या नाही. तिथून वासोट्याचा चढ, मग धारेवरून नागेश्वरापर्यंत आडवी चाल, एका बाजूला कडा. शिवाय दिवस मावळायच्या आत बोटीवर परत. आजीला घेऊन हे गणित बसत नाही.

चोरवण्याची वाट सरळ आहे, म्हणजे सरळ वर. पहिला टप्पा गावाच्या वरच्या रानातून, हा कोणालाही जमेल. दुसऱ्या टप्प्यात झाडी दाट, वाटेत दगड, चढ हळूहळू अंगावर येतो. शेवटचा टप्पा खडा. सवयीचा माणूस तीन-साडेतीन तासांत गुहेत पोचतो. घरची मंडळी असतील तर पाच धरा आणि उतरायला जवळपास तेवढेच.

महाशिवरात्रीला गावची आणि आसपासची माणसं रात्रीच चढायला लागतात. वाट चुकायचा प्रश्न येत नाही, बॅटऱ्यांची रांगच दिसते. तुम्हीही अंधारात निघा. नऊनंतर जे चढतात त्यांचे चेहरे मी पाहिलेत.

पाणी: गाव सोडल्यावर भरवसा ठेवू नका. माघात ओहोळ आटलेले असतात. माणशी तीन लिटर. गुहेतलं ठिबकणारं पाणी तीर्थ म्हणून घ्या, बाटल्या भरायला थांबलात तर मागची रांग शिव्या घालेल.

वरचा भाग कोयना अभयारण्यात येतो, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनखात्याचे त्या वर्षीचे नियम काय आहेत ते गावात आधी विचारून घ्या. चूल नाही, प्लास्टिक नाही, मुक्काम नाही, एवढं धरूनच चला.

---

आमशी_तमशी

एक महत्त्वाची सूचना. तिकीट काढताना खेड म्हणजे कोकण रेल्वेचं खेड. आमच्या एका पाव्हण्याने बसचं तिकीट काढलं पुण्याजवळच्या खेडचं आणि राजगुरुनगरला उतरून आपली जगबुडी नदी शोधत होता.

---

देवरुखकर

आजी ७८ च्या असतील तर मार्लेश्वरला न्या ना. तोही डोंगरातला, तोही गुहेतला, तोही शंकर. संगमेश्वर रोड स्टेशनला उतरायचं, देवरुखला चहा, तिथून मारळपर्यंत गाडीरस्ता. पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, पण बांधीव आहेत आणि मध्ये बसता येतं. समोर धारेश्वराचा धबधबा, बावनदीचा उगम तिथलाच. गुहेत वीज नाही, समयांच्या उजेडात दर्शन. दार बुटकं, वाकून जावं लागतं एवढंच.

मकर संक्रांतीला गेलात तर देवाचं लग्नच बघायला मिळेल. आंगवलीहून मार्लेश्वराची पालखी येते, साखरप्याहून गिरिजादेवीची. रीतसर मुहूर्त, मंगलाष्टका, मानपान, सगळं. दरवर्षी त्याच नवरीशी लग्न लावणारा एवढा एकच नवरा मला माहीत आहे.

---

पन्हाळेकाजी

आणि साप? तिथे गुहेत साप असतात म्हणे.

---

देवरुखकर

असतात. कपारीत. ते त्यांच्या कामात, आपण आपल्या कामात. आजवर त्यांनी कोणाला काही केल्याचं ऐकलं नाही. मोबाईलचा दिवा तोंडावर मारून फोटो काढणाऱ्यांना एकदा तरी करावं असं मला व्यक्तिशः वाटतं.

---

जगबुडी_काठी

देवरुखकर, माहिती उत्तम, पण नवस नागेश्वराचा आहे. हा काय दुकानातला शर्ट आहे की हा रंग नाही तर तो द्या? ज्याच्यापुढे शब्द टाकला त्याच्याकडेच फेडायचा.

बाकी खाडीपट्टा, मी त्याच अंगाचा. शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी पायऱ्या आणि रेलिंग आहे, त्यामुळे पूर्वीइतकं भय राहिलं नाही. पण रेलिंग बघून घरी बसल्या अंदाज बांधू नका. दम खालच्या चढात निघतो.

---

तिठ्यावरचो

आमच्याकडे शिमग्यात देव चलान घराक येता. अंगणात रांगोळी काढायची, नारळ ठेवायचो, वटी भरायची, झाला. तुमी देवाक डोंगरार बसवतास आनि मगे म्हाताऱ्या मानसांक धापा टाकूक लावतास. (हलक्यान घेवा हां.)

---

जगबुडी_काठी

शिमग्याची पालखी आमच्याकडेही घरोघर फिरते, तो मान फक्त सिंधुदुर्गाचा नाही. पण पालखीत बसतो तो ग्रामदेव. तो गावचा कारभारी, दारी येणं त्याचं कामच आहे. डोंगरातला देव कारभार बघत नाही. त्याच्याकडे आपणच जायचं असतं.

---

बोर्डीचा_चिकू

मी टोकाच्या उत्तरेचा, पण तिठ्यावरच्यांचा मुद्दा वाटतो तितका गमतीचा नाही. आमच्या डहाणूच्या महालक्ष्मीची गोष्टच ती आहे. देवी मुसळ्या डोंगरावर. एक गरोदर बाई दर्शनाला चढत होती, अर्ध्यात तिला भोवळ आली. देवी म्हणाली, तू नको येऊ, मीच खाली येते. म्हणून विवळवेढ्याला पायथ्याशी देऊळ झालं. आज महामार्गावरून जाणारा माणूसही गाडी थांबवून पाया पडतो.

पण डोंगर सुटलेला नाही. चैत्री पुनवेच्या मध्यरात्री वर शिखरावर ध्वज लागतो. वाघाडीच्या पुजाऱ्याचा तो मान, तो अंधारात एकटा चढतो. म्हणजे बहुतेकांनी खाली हात जोडायचे आणि ज्याचा मान त्याने वर जायचं, अशी देवीनेच वाटणी करून दिली आहे. खाडीपट्टा, तुमच्या घरातही तसंच करता येईल. काका वर जातील, आजी खाली थांबतील. नवस एका घराचा, पाय कोणाचेही.

---

मुर्डीकर

आमचा आंजर्ल्याचा गणपती मात्र उलट वागला. समुद्रकाठी होता, लाटा देवळापर्यंत आल्यावर पाऊल टाकून वर कड्यावर जाऊन बसला. तेव्हा देव खाली येतो हा काही नियम नव्हे. त्यालाही आपली सोय बघावी लागते.

---

फिजिओताई

गुडघ्यांचं काम रोज बघते म्हणून लिहिते. चढताना हृदय आणि फुफ्फुसं बोलतात, उतरताना गुडघे. लोक चढाचीच काळजी करतात आणि उतरताना अडकतात. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्यामुळे वजन जास्त असेल तर त्रासही जास्त.

७८ वर्षांची सडसडीत, शेतात राबलेली बाई मला फारशी काळजीची वाटत नाही. बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा, निर्जळी उपास नको, बस. मला काळजी बाबांची वाटते. तुम्ही "वजन जरा पुढे गेलंय, एरवी ठीक" असं लिहून एका ओळीत त्यांना मोकळं केलंत. गुडघा दुखतो का? जिना उतरताना कठडा धरतात का? मोठ्या आजारपणानंतर सलग दोन तास कधी चालले आहेत का?

---

आमशी_तमशी

निर्जळी नको हे पटलं. उपासाचं खायला काय नेता? साबूदाण्याची खिचडी चढावर नको, पोटात दगड होतो.

---

कुळथाची_पिठी

राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी मीठ लावून, खजूर. कोकमाचं आगळ बाटलीत वेगळं न्यायचं, वर पोचल्यावर पाण्यात घालायचं. घाम जाऊन पायात गोळे येतात तेव्हा मीठ-साखर-आगळ यासारखं दुसरं काही नाही.

---

सदाशिव_पेठ_सोडलेला

महाशिवरात्रीला कवठाची चटणी कोणी नेत नाही का? आमच्याकडे तिच्याशिवाय उपासच लागत नाही.

---

कुळथाची_पिठी

कवठ तुमच्या घाटावरचं. आमच्याकडे त्या दिवसांत बाजारात दिसलं तर दिसलं. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घरी आल्यावर. आणि साधं मीठ चालतं का सैंधव, हा वाद इथे सुरू करू नका. मागच्या धाग्यावर त्यात दोन माणसं कायमची बोलायची थांबली.

---

रानवाट

एक राहिलं होतं. मधमाश्या. त्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. वाटेत उदबत्ती, धूप, कापूर पेटवू नका, सेंट मारून येऊ नका, शिट्ट्या-आरोळ्या नकोत. भाविकांवर माश्या उठल्याच्या बातम्या दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डोंगरावरून येतात, आणि अशा वेळी वयस्कर माणूस पळू शकत नाही. मोहोळ उठलंच तर अंगभर चादर ओढून खाली बसायचं, हात झाडायचे नाहीत.

दुसरं, वणवा. माघ-फाल्गुनात गवत वाळून काडी झालेलं असतं. बिडीकाडीवाले काका असतील तर त्यांची काडेपेटी खालीच काढून घ्या.

---

विकासपुरुष

हे सगळं वाचून एकच वाटतं. एकविसाव्या शतकात म्हाताऱ्या माणसाला देवदर्शनासाठी पाच तास चढायला लागावं ही शरमेची गोष्ट आहे. वणीला सप्तशृंगीवर फ्युनिक्युलर (रुळांवरून चढणारी ट्रॉली) झाली. नागेश्वराला रोपवे का नको? चोरवण्यातल्या पोरांना रोजगार मिळेल, मुंबईला खोल्या करून राहायला नको.

---

रानवाट

व्याघ्र प्रकल्पात रोपवे. बरं.

---

जगबुडी_काठी

विकासपुरुष, रोजगाराचं तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही. आमच्या वाड्यांत दिवसा बघा, म्हातारी माणसं आणि कुलपं. पण रोपवे आला की खाली पार्किंग, वर हॉटेल, मग कचरा. त्यातले किती पैसे गावात राहतात ते आपण किनाऱ्यावर बघतोच आहोत. एसटीची एक फेरी वाढवा, गावात बाया जेवण करून देतील, पोरं वाटाडे म्हणून येतील. तेवढं पुरे आहे.

---

विकासपुरुष

म्हणजे आजीने घरीच बसायचं.

---

जांभा_दगड

दोघे दमला असाल तर जरा पाण्याकडे वळतो, कारण धाग्यात कोणीतरी "चमत्कार" म्हणणार हे दिसतंय. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, भाजलेल्या मातीचा पट्टा असतो. वरच्या बेसाल्टच्या भेगांतून पावसाचं पाणी खाली झिरपतं, या पट्ट्यावर येऊन अडतं आणि कड्याच्या बाजूने बाहेर पडतं. पट्टा मऊ असल्याने तिथेच कपार कोरली जाते. म्हणून सह्याद्रीत गुहा आणि पाणी बरेचदा जोडीने सापडतात. वर दाट जंगल असेल तर पाणी मुरायला वेळ मिळतो आणि उन्हाळ्यातही थेंब चालू राहतात. जंगल गेलं तर अभिषेकही थांबेल. रोपवेवाल्यांनी नोंद घ्यावी.

---

पन्हाळेकाजी

म्हणजे चमत्कार नाहीच?

---

जांभा_दगड

चार-पाच महिन्यांचा पाऊस बारा महिने थेंबाथेंबाने पुरवणं हा तुम्हाला कमी वाटतो का?

---

माहेरवाशीण

सगळा धागा सावकाश वाचला. काका काय म्हणतात ते कळलं, बाबा काय म्हणतात ते कळलं. देव खाली येतो की वर जातो हेही कळलं. रोपवे झाला, मीठ झालं, लाव्हा झाला. आजी काय म्हणतात ते एकाही प्रतिसादात नाही, मूळ लेखातही नाही.

विचारलंत का त्यांना?

---

तिठ्यावरचो

बोला आता.

---

खाडीपट्टा

काल रात्री फोन केला. आजी सध्या गावालाच आहे.

मी विचारलं, आजी तुला यायचंय का? ती म्हणाली, "माका कोण न्हेतंय." हे ती कुठल्याही गोष्टीला म्हणते, त्यामुळे मी पुढे विचारत राहिलो. मग हळूहळू निघालं. आजोबा जायचे तेव्हा वाडीतले सगळे बाप्ये जायचे. बायका आदल्या रात्री जागून त्यांची शिदोरी बांधायच्या, आणि ते परत आले की गरम पाणी, पायाला तेल. लग्न होऊन आल्यापासून हेच. नागेश्वर कसा आहे ते तिने आजोबांच्या तोंडूनच ऐकलंय. ते सांगायचे की पिंडीवर थेंब पडतो त्याचा आवाज गुहेत घुमतो. म्हणाली, "तो आवाज खरा हाय का ह्ये आपलं सांगत हुते, त्ये बघायचंय एकदा."

पायथ्यावरून नमस्कार करायचं म्हटलं तर म्हणाली, पायथ्यावरून जन्मभर केला.

काकूलाही विचारलं. तीही कधी गेलेली नाही.

---

माहेरवाशीण

मग झालं तर. "न्यावं की न न्यावं" बदलून "कसं न्यावं" करा.

---

बोर्डीचा_चिकू

खाली थांबायचा सल्ला मी मागे घेत नाही, पण आजींना लागू करत नाही. त्यांचा मान वर जायचा आहे.

---

देवरुखकर

आता मीही मार्लेश्वर म्हणणार नाही. पण संक्रांतीला सराव म्हणून एकदा...

---

अलिबागचा_पांढरा_कांदा

सरावाला तुम्हा डोंबिवलीकरांना कनकेश्वर जवळ. गेटवेहून मांडव्याला बोट, तिथून मापगाव. साडेसातशेच्या आसपास दगडी पायऱ्या, १७६४ मध्ये रघोजी आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या. वाटेत नागोबाचा टप्पा, मग देवाची पायरी, गायमांडी, असे थांबे ठरलेले, त्यामुळे कोणाला कुठे दम लागतो ते नेमकं कळतं. वर पुष्करणी आणि सावली. तिथून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ज्याचे पाय चालतील त्याने चोरवण्याला यावं. आणि फिजिओताई म्हणतात तसं, बाबांना नक्की न्या.

---

झोळीवाला

डोलीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. तिथे दर लावून बसलेले डोलीवाले मिळतील असं समजू नका. पण आमच्या डोंगरातल्या वाड्यांत रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणूस, बाळंतीण, सगळं झोळीतूनच खाली यायचं. बांबू, घोंगडी, आळीपाळीने खांदा देणारी आठ माणसं. ही विद्या अजून जिवंत आहे. गावात चार दिवस आधी जाऊन वडीलधाऱ्यांशी बोला, पोरांची मजुरी आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. उतरताना वाटेत ऐन वेळी "चला उचला" म्हणायचं नसतं.

यात्रेची गर्दी नको असेल तर पौष-माघातला एखादा सोमवार धरा. हवा थंड असते.

---

खाडीपट्टा

काका महाशिवरात्रीलाच अडून बसलेत, नवस त्या दिवसाचा. त्यामुळे दिवस तोच. पण आजी, काकू, आई, बहीण रात्री दोनला निघतील, सोबत मी आणि गावातले दोघे. बाबा-काका त्यांच्या चालीने.

भाच्याला आत्याकडे खेडला ठेवतोय. त्याने एवढं भोकाड पसरलं की बाबा म्हणाले त्याच्याऐवजी मी राहतो. काका म्हणाले, नवस तुझ्यासाठीच आहे रे.

कनकेश्वर झालं. आजीसाठी गावाला उताराचा रस्ता रोजचाच आहे, तिला बोलावलं नाही. बाकी सगळे चढले. बाबा देवाच्या पायरीला बराच वेळ बसले, पण पोचले.

---

फिजिओताई

आणि उतरताना?

---

खाडीपट्टा

कठडा शोधत होते.

---

तिठ्यावरचो

गाराणा घालतंय, सगळ्यांनी म्हना हां.

बा देवा नागेश्वरा, म्हाराजा! होय म्हाराजा! ह्या धाग्यार जी काय लेकरा घरात बसान सल्ले देतत, तेंच्या गुडघ्यांची राखण कर! होय म्हाराजा! खाडीपट्ट्याच्या आजयेक वर पोचव आनि तेच्या बापाशीक खाली पोचव! होय म्हाराजा! कोन वाकडानाकडा लिवलो आसात तर संपादकाच्या हातान उडव, म्हाराजा!

---

जगबुडी_काठी

होय म्हाराजा.

---

आमशी_तमशी

होय म्हाराजा. आणि सेंट मारून कोणी आलाच तर माश्या त्याच्याकडे पाठव, म्हाराजा.

---

खाडीपट्टा

महाशिवरात्र झाली. बरेच जण खासगी निरोप (व्यनि) करून विचारत होते म्हणून इथेच लिहितो.

रात्री दोनला आम्ही निघालो. आजीने नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, हातात आजोबांची काठी. पहिल्या टप्प्यात ती माझ्या पुढे होती. चोरवण्यातल्या तीन-चार बायका सोबतीला आल्या आणि त्यांच्यात गप्पा अशा रंगल्या की कोणाची लेक कुठे दिली इथपासून सगळी खानेसुमारी झाली. उजाडलं तेव्हा आम्ही दाट झाडीच्या वरच्या अंगाला, खडा चढ सुरू होतो तिथे पोचलो होतो. आजीला धाप होती, पण बसून पाणी प्यायली की पुन्हा उठत होती. वरून येणारी माणसं "आजी, आता थोडंच" म्हणत होती.

तिथे मागून काका आले, एकटे. बाबांचा उजवा गुडघा अडकला होता. बरेच खाली, दगडावर बसलेले. सूज. वर येता येईना आणि खाली जाता येईना.

मी म्हटलं मी जातो, तुम्ही सगळे पुढे व्हा. काका म्हणाले मी जातो. आजी काही न बोलता उठली आणि खाली चालायला लागली. काकू म्हणाली, आई तुम्ही कुठे? तर म्हणाली, "त्याला येकटा बघून माझा पाय वर पडंल काय?" कोणाचं ऐकलं नाही. गावातले दोघे तिच्याबरोबर गेले, त्यांनीच पुढे झोळी बांधून बाबांना उतरवलं. बाबा शुद्धीवर, रागावलेले, आणि शरमेने लाल.

आम्ही वर जाऊन आलो. काकू, आई, बहीण पहिल्यांदा पोचल्या. काकांनी नारळ ठेवला. खेडला डॉक्टरांना दाखवलं, हाडाचं काही नाही, विश्रांती आणि वजन कमी करणे.

---

माहेरवाशीण

म्हणजे शेवटी परत बाप्यासाठीच मागे फिरल्या. मला इतका राग आलाय की कोणावर काढावा कळत नाही.

---

जगबुडी_काठी

आई आहे ती. दुसरं काय करणार होती?

---

माहेरवाशीण

खाली जायला काका होते, नातू होता, गावातले दोन धट्टेकट्टे होते. त्या सोडून चौघं होती. हेच म्हणतेय.

---

झोळीवाला

दोघींचं... आपलं, दोघांचंही बरोबर आहे. गावातल्या त्या दोघांना मजुरीच्या वर काही दिलंत ना? ते ठरलेलं काम नव्हतं.

---

खाडीपट्टा

दिलं. आधी घेत नव्हते, काकूने त्यांच्या घरी नेऊन दिलं.

माहेरवाशीण, तुमचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. हसली. मग म्हणाली, "त्या बाईला सांग, येत्या पौषात मी जानार हाय. सोमवारचं. ह्यांच्यातलं कोनी नको, चोरवण्याच्या त्या बाया येतो म्हनल्यात." काकूने लगेच आपलं नाव घातलं. आवाजाचं तिने काकूला आल्याआल्याच विचारलं होतं. काकूने सांगितलं नाही. म्हणाली, तुम्हीच ऐका.

---

फिजिओताई

आजींना पौषापर्यंत वेगळा व्यायाम नको. बाबांना मात्र आजपासून. खुर्चीत बसून पाय सरळ करणे, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, आणि रात्रीचा भात अर्धा.

---

कुळथाची_पिठी

कोकणी माणसाचा भात अर्धा. हा नवस जास्त अवघड आहे.

---

नवा_पाहुणा

छान माहिती. पूर्ण धागा वाचला नाही. आम्ही वीस जण एप्रिलमध्ये वीकेंडला जायचं म्हणतोय. वर नॉनव्हेज मिळतं का? आणि गाडी गुहेपर्यंत जाते ना?

---

तिठ्यावरचो

जाता जाता. साबूदाण्याची खिचडी खावन निघा.